दरवानाला ठाऊक नसलेली खूण

थोरलीने कवळीच्या कडेचं जास्तीचं मेण सुरीने खरवडून काढलं, दिव्यापुढे धरून पुढचे दात एका रेषेत आहेत ना ते पाहिलं, आणि मग हात न पुसताच प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर बोट टेकवलं. काचेवर मेणाचा गुलाबी ठसा उमटला.

"आज कोण आलंय सराईत?" पलीकडच्या टेबलावरून घासकाकांनी विचारलं. तयार झालेल्या कवळ्या घासून चकचकीत करणं हे त्यांचं काम, आणि थोरलीच्या खेळाची चौकशी करणं हा त्यांचा विरंगुळा.

"कुणीतरी नवीन आहे. दारात उभं आहे."

"मग घ्या की आत. दात नसतील तर माझ्याकडे पाठवा."

थोरली हसली नाही. खेळाच्या बाबतीत ती क्वचितच हसायची.

'सराई' हा खेळ लिहून खेळायचा होता. बर्फाच्या घाटात एक जुनी सराई, आणि तिच्यात राहणारी दहाबारा पात्रं. ती चालवणाऱ्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं. आपल्यावर राज्य आलं की आपल्या पात्राने काय केलं, काय म्हटलं, ते चार ओळींत लिहायचं आणि राज्य पुढच्यावर द्यायचं. लहानपणी लपाछपीत असतं तसंच राज्य. कुणावर आहे त्याचं नाव पानाच्या तळाशी उमटायचं. या खेळात कुणी जिंकत नव्हतं, कुणी हरत नव्हतं. बाहेरच्या माणसाला वाटावं, मग नियम हवेत कशाला? थोरलीचं म्हणणं नेमकं उलटं होतं. जिथे हारजीत नाही तिथे रीत सोडली तर उरतं काय?

ती सराईचा दरवान चालवायची. म्हातारा, एका डोळ्याने अधू, नाकावर माशी बसू न देणारा. आणि नव्यांना रीतभात शिकवायचं कामही तिने आपणहून अंगावर घेतलं होतं, म्हणून सगळे तिला पंतोजी म्हणायचे. ती बाई आहे हे बहुतेकांना ठाऊक होतं. बाकी ती कोण, कुठली, काय करते, हे कुणी विचारत नसे. तीही एक रीतच होती.

"दुसऱ्याच्या पात्राचं बोटसुद्धा आपण हलवायचं नाही," पंतोजी नव्यांना लिहायच्या. "तुम्ही तलवार उगारा. ती लागली की नाही ते समोरचा सांगेल."

पण त्यांचा खरा जीव दुसऱ्या नियमात होता. खेळणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते पात्राला ठाऊक नसतं. पान सगळ्यांना दिसतं, म्हणून तळघरात कुणी काय पुरलं ते सगळे वाचतात. पण ज्याचं पात्र तेव्हा माळ्यावर झोपलं होतं, त्याने झोपलेलंच राहायचं. नुकताच यावरून एक तमाशा झाला होता. जादूगार चालवणारा माणूस खऱ्या आयुष्यात औषधांचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाइकांच्या अधेमधे लिहायचा. घाईत त्याच्या जादूगाराने नेमकी तीच फरशी उचलली जिच्याखाली पेटी होती. पंतोजींनी सगळ्यांदेखत त्याला धारेवर धरलं.

"जादूगाराला हे कळलं कसं? भिंतींना कान असतात म्हणे, पण या फरशीला तोंडही फुटलेलं दिसतंय."

जादूगाराने मुकाट्याने फरशी परत बसवली. वर लिहिलं, "चुकलो पंतोजी. हातावर छडी मारा, पण डाव्या. उजव्याने गोळ्या मोजायच्या आहेत." सगळे हसले. पंतोजी तेव्हाही हसल्या नाहीत.

थोरलीने नव्या माणसाचं लिहिलेलं वाचायला घेतलं. खोऱ्यात साथ पसरलीय, म्हणून दिवस मावळल्यावर अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही, असं सराईतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. किल्ली दरवानाकडे होती. नव्याने ते सगळं नीट वाचलेलं दिसत होतं. सुरुवात संथ होती, हात सरावलेला होता.

'कुंभारीण घाट चढून वर आली. खाली गावात तिचं निळ्या दाराचं घर, आणि कित्येक दिवसांत न पेटलेली भट्टी. सराईच्या दाराशी आल्यावर तिने हाक मारली नाही. दोनदा टकटक केलं, आणि मग एका नखाने लाकडावर वरून खाली ओरखडा काढला.'

तळाशी लिहिलं होतं: राज्य दरवानावर.

थोरलीने फोन पालथा ठेवला. समोर पितळी बिजागरीच्या चौकटीत कुणा आजोबांचा वरचा आणि खालचा जबडा बसवलेला होता. तिने तो मिटला, उघडला, पुन्हा मिटला. दात दातांवर बरोबर बसत होते. तरी ती ते करत राहिली.

दोन टकटक आणि एक ओरखडा. ही खूण जगात दोघींनाच ठाऊक होती. लहानपणी थोरली रागावली की अडगळीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. आईने हाका मारल्या तरी उघडायची नाही, मग शेजारीपाजारी कुणी समजूत घालायला आलं तर विचारूच नका. शेवटी धाकटीने करार केला. मी अशी खूण केली की तू कितीही रागावलेली अस, दार उघडायचं. नंतर हवं तर मला मार. थोरलीने शपथ घेतली होती, आणि मोठी होईपर्यंत ती पाळलीही होती. मारलं मात्र कधी नव्हतं.

आई गेल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या. आजारपणात सगळं थोरलीने केलं. धाकटी लांबच्या शहरात, रोज फोनवर "येते, येते" म्हणायची. आली ती सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी. थोरलीने दार अर्धं उघडलं, तिची ती चाकांची बॅग पाहिली, आणि जे बोलायचं ते बोलून दार लावून घेतलं. धाकटीचं मूल तापाने फणफणलं होतं आणि त्याला सोडून ती निघू शकत नव्हती, हे मागाहून कळलं. तोवर राग इतका मुरला होता की त्यात नवी माहिती मिसळेना.

आता तीच धाकटी कुंभारीण होऊन दारात उभी होती. की योगायोग होता? कुणीही नखाने दार ओरखडू शकतं. थोरलीने स्वतःला हे दोन-तीनदा बजावलं, आणि एकदाही ते खरं वाटलं नाही.

"बाई, दुसरी बाजू द्या घासायला," काका म्हणाले.

"देते."

तिने फोन उचलला. दरवानाला ही खूण ठाऊक नव्हती. दरवान कुठल्या अडगळीच्या खोलीत वाढला नव्हता, त्याला धाकटी बहीण नव्हती. परवाच जादूगाराला फैलावर घेतलं, आणि आज आपण दार उघडलं तर ते 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' होईल. नियम सरळ होता. तिने नियमाप्रमाणे लिहिलं.

'दरवानाने झरोका सरकवला. "आता कशाला आलीस?" तो म्हणाला. "दार सकाळी उघडतं. तेही ओळखीच्याला."'

लिहिताना तिचा हात अडखळला नाही. उलट आत कुठेतरी बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याकडे तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलेलं होतं.

'"ओळख दिली की मी," कुंभारीण म्हणाली. आणि दाराला पाठ टेकून तिथेच बसली.'

खेळाच्या बाजूला कट्टा होता. तिथे पात्रं बाजूला ठेवून माणसं गप्पा मारायची. तिथे जादूगार कळवळला होता.

"पंतोजी, घ्या ना हो बिचारीला आत. पहिलाच दिवस आहे. थंडीने आखडेल."

"दरवानाला काय ठाऊक ती कोण आहे?" पंतोजींनी लिहिलं. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. दार उघडायचं तर पात्रापाशी कारण हवं."

जादूगार काही बोलायच्या आत कुंभारणीनेच लिहिलं होतं, "त्यांचं बरोबर आहे. दरवानाने कसं ओळखावं? मला उगीच वाटलं, ओळखेल."

थोरलीने ते वाक्य वाचलं, आणि पुन्हा वाचलं. त्यात रडगाणं नव्हतं, टोमणाही नव्हता. तेवढ्यावर ती विरघळली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण थोरली घरात थोरली होती, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हिने एवढं कबूल करावं, सरळ नाव सांगावं, सरळ माफी मागावी, असं तिला वाटत होतं. खेळाआडून कसली येतेस? आपणही खेळाआडूनच बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

'दरवानाने झरोका लावून घेतला,' तिने लिहिलं. एवढंच.

कुंभारणीचं पुढचं लिहिणं संध्याकाळी, घरी परतताना बसथांब्यावर दिसलं. ती उठली होती, झगा झटकला होता आणि आल्या वाटेने घाट उतरून गेली होती. बर्फात तिच्या पावलांच्या दोन रांगा होत्या, येतानाची आणि जातानाची. कट्ट्यावर तिचा निरोप होता.

"मंडळी, मी इथपर्यंतच. कुंभारीण सुखरूप घरी पोचली असं धरा, तिच्यासाठी कुणी अडकून राहू नका. पंतोजी, तुम्ही दरवान फार छान लिहिता. अगदी खरा वाटतो."

खाली शाबासकीचा पाऊस पडला होता. लोक यायचे आणि न सांगता नाहीसे व्हायचे, त्यांची पात्रं आठवडेच्या आठवडे जिन्यात तोंड उघडं टाकून उभी असायची. जाताना आपलं पात्र मार्गी लावून जावं, हीसुद्धा पंतोजींनीच घालून दिलेली रीत. ती इतक्या नेटकेपणाने आजवर कुणी पाळली नव्हती. "जावं तर असं," जादूगाराने लिहिलं. थोरलीच्या डोक्यात मात्र एकच शब्द घुमत राहिला. तुम्ही. जन्मात कधी धाकटीने तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

बस आली, गेली. ती दुसरीने घरी गेली.

पुढच्या आठवड्यात तिने एका कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. घासकाकांनी ती उचलून धरली आणि पोट धरून हसले.

"बाई, याने हे लावून हसून दाखवलं तर बायको माहेरी जाईल."

थोरलीने कवळी घेतली, मेण गरम केलं, दात उपटला. "चुकलं," ती म्हणाली. काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांनी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग सुट्टीच्या दिवशी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तब्येत, गुडघे, गॅसवाला, असं सगळं रीतसर झाल्यावर तिने विचारलं, "काय गं, भेटली का धाकटी?"

थोरली ओट्यापाशी उभी होती. तिने नळ बंद केला. "कुठे?"

"त्या तुझ्या खेळात. मीच तिला सांगितलं, तू मला दाखवला होतास ना मागे, तो दरवान बिरवान. म्हटलं, तिथे सापडेल बघ."

"तू कशाला सांगितलंस?"

"विचारलं तिने, म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? सरळ फोन कर. तर म्हणाली, फोन केला तर ताई उचलणार नाही. घरी गेले तर..." मावशी थांबली. "तिथे तरी ताई माझ्याशी बोलेल, म्हणाली. निदान उत्तर तरी द्यावंच लागेल."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग? बोललात का दोघी?"

"बोललो."

"काय म्हणालीस?"

थोरलीने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, उलगडलं. दरवानाच्या तोंडी आपण कुठलं वाक्य घातलं ते आता तिला ऐकू आलं. आता कशाला आलीस. शब्दाला शब्द तेच, जे तिने दार अर्धं उघडून, बॅगेकडे बघत म्हटलं होतं. आणि त्यानंतरचं तर तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी दार लावल्यावर ती आत कडीवर हात ठेवून उभी होती. बाहेरून आधी काहीच आवाज आला नाही. मग दोन टकटक, आणि नखाचा एक ओरखडा. तिने ऐकलं होतं. शपथ आठवली होती. कडी हाताखालीच होती.

"मी पण धाकटीच होते गं," उत्तर न ऐकताच काय ते ओळखून मावशी सांगत होती. "तुझी आई तरी काय कमी होती? पण मला एक ठाऊक असायचं, दुसऱ्यांदा गेलं की उघडते. ही बिचारी दुसऱ्यांदाही जाऊन आली म्हण की. आता तिसऱ्यांदा कोण येतं?"

फोन ठेवल्यावर थोरलीने धाकटीला फोन लावला. तो वाजत राहिला आणि वाजून थांबला. मग तिने निरोप लिहायला घेतला. 'माझं चुकलं' असं लिहिलं, तर त्याच्यापुढे बोटांनी आपसूक 'पण' लिहिलं. तिने 'पण' खोडला. नुसतं 'माझं चुकलं' वाचून तिला वाटलं, धाकटी म्हणेल, कधीचं? दारातलं, की सराईतलं? तिने सगळंच खोडलं. कितीतरी वेळ ती ओट्यापाशीच उभी होती. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी. नियमाने तिला काहीच करायला लावलं नव्हतं. तिनेच नियमाला पुढे उभं केलं होतं आणि मागून राग काढला होता.

दुपारी तिने कट्ट्यावर लिहिलं, "दारातला प्रसंग मागे घ्यावा म्हणते. दरवानाचं चुकलं."

एकेक नाव कट्ट्यावर उजळून विझत राहिलं. पंतोजींचं चुकलं, हे पचायला वेळ लागत असावा. शेवटी जादूगार आला.

"पंतोजी, रागावू नका. ज्याच्यापुढे घडलं त्याचा होकार असल्याशिवाय पुसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आणि ती तर गेली." थोड्या वेळाने त्याने आणखी एक ओळ टाकली. "पुसू नका. पुढे लिहा. दरवानाला पाय आहेत ना?"

दरवानाला पाय होते. ते कधी वापरलेले नव्हते एवढंच. खेळ सुरू झाल्यापासून तो दाराच्या आतच होता.

थोरलीने जादूगाराकडून राज्य मागून घेतलं आणि लिहायला बसली. कुंभारणीला ती हलवू शकत नव्हती. भेटवू शकत नव्हती, हसवू शकत नव्हती, खिडकीत उभीही करू शकत नव्हती. जे काही करायचं ते म्हाताऱ्यालाच करायला हवं होतं.

'सकाळी दरवानाने दार उघडलं. किल्ली आतल्या खिळ्याला अडकवली आणि बाहेर पडला. दोन रांगांमधली उतरणीची रांग धरून तो घाट उतरला. वाटेत दोनदा पडला. खालच्या गावात ती रांग एका निळ्या दाराशी संपली. भट्टीतून धूर निघत नव्हता. तो दारापुढे उभा राहिला. हाक मारावी, तर कुठल्या नावाने मारावी ते त्याला समजेना.'

इथे ती थांबली. इथवर सगळं रीतीला धरून होतं. मग तिने पुढचं लिहिलं, आणि पुन्हा वाचून बघायच्या आत पाठवून दिलं.

'दरवानाने दोनदा टकटक केलं. आणि मग एका नखाने लाकडावर वरून खाली ओरखडा काढला.'

राज्य कुणाला द्यायचं, अशी चौकट उघडली. तिने त्यात गेलेल्या माणसाचं नाव लिहिलं. पानाच्या तळाशी उमटलं: राज्य कुंभारणीवर.

आता बोलणी खायची होती. झरोका उघडायच्या आधीची खूण म्हाताऱ्याला कशी समजली? एका डोळ्याचा माणूस, लाकडापलीकडचं नख त्याला कसं दिसलं? तिला हे जादूगाराच्या शब्दांत ऐकू येत होतं, फरशीच्या तोंडासकट. त्याला हक्कच होता. ती फोन हातात धरून बसून राहिली. उत्तर देणार नाही, असं तिने ठरवलं होतं. फक्त ऐकून घेणार होती.

जादूगाराचं नाव कट्ट्यावर उजळलं. काहीतरी लिहून खोडतोय असं वाटलं, मग पुन्हा लिहू लागला.

"बराच वेळ कुणी लिहिलं नाही तर राज्य पुढच्याने उचलायचं, अशी आपली रीत आहे," त्याने लिहिलं. "हे मी उचलणार नाही. किती का वेळ लागेना."

त्याखाली आणखी एकाने लिहिलं, "मीही नाही." मग सराईच्या स्वयंपाकीण बाईंनी. मग असे काही, जे महिनोन् महिने दिसलेही नव्हते. खुणेबद्दल कुणीही, एका अक्षरानेही, विचारलं नाही.

सोमवारी थोरली कामावर गेली. नवा साचा आला होता, दात नसलेला खालचा जबडा, कडा झिजलेल्या. तिने प्लास्टर कालवलं, साच्यात ओतलं, बुडबुडे निघावेत म्हणून टेबलावर हलकेच आपटलं. फोन नेहमीच्या जागी, डब्याला टेकून उभा होता.

"काय म्हणतेय सराई?" घासकाकांनी विचारलं. "कोण आलं का?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "आमचा दरवान बाहेर गेलाय."

"मग दाराशी कोण आहे?"

"दार उघडंच आहे."

काकांनी मान हलवली आणि चाक सुरू केलं. त्याच्या घरघरीत थोरलीने एकदा हात पुसून, नीट कोरडा करून, काचेला बोट लावलं. पान तसंच होतं. म्हातारा निळ्या दारापुढे उभा होता, आणि राज्य अजून कुंभारणीवरच होतं.